अडीच दिवसांची वाट

नळदुर्ग,
९ मार्च २०२५

अमर,

जय भीम. फोनवर आपलं दोन मिनिटांत वाजतं, म्हणून हे लिहून मेलवर टाकतेय. सवडीनं वाच, पण वाच. तुझे दाजी हसतात मला. म्हणतात, श्रावस्ती, सख्ख्या भावाला पानभर पत्र टाइप करणारी अख्ख्या तालुक्यात तू एकटीच असशील. म्हटलं, असू दे. लिहिलेल्याला मध्येच तोडून ‘अक्का, मीटिंग आहे’ म्हणता येत नाही.

आपल्या गल्लीतल्या सिताबाई गेल्या. तुला शाळेतून येताना चिंचा देणाऱ्या. आणि मातीची वेळ ठरवायला लोक नेहमीसारखे आप्पांकडं आले. आप्पांची एसटीतली कंट्रोलरची नोकरी संपून किती वर्षं झाली, पण ही रीत काही मोडली नाही. कुणी गेलं की आधी आप्पांना विचारायचं, मग लाकडं बघायला जायचं. आप्पांचा पहिला प्रश्नही ठरलेला, “लांबचं कोण हाय?” जो सगळ्यात लांबून यायचा असेल, त्याच्या पोचण्यावर ते वेळ धरणार. या खेपेला लांबची होती सिताबाईंची थोरली लेक, भोसरीला दिलेली. आप्पांनी डोळे मिटले, भोसरी, स्वारगेट, सोलापूर, नळदुर्ग असा मनातल्या मनात प्रवास केला आणि वर अर्धा तास वाढवला. “रडत येणारं माणूस गाडी बदलताना चुकतंय. त्येला अर्धा तास जादा द्यावाच लागतो.” चारची वेळ दिली. लेक थोडी आधीच उतरली. तिला आईचं तोंड बघायला मिळालं.

त्याच संध्याकाळी आप्पांनी मला जवळ बसवलं. म्हणाले, “अमरच्या गावाचं मला काय बी ठावं न्हाय बघ. त्येला इचार, त्येच्या दारातनं आपल्या दारात यायला किती येळ लागतो. इमानाचं अंतर किती, कुठं कुठं बदलावं लागतं, समदं इचार. आन लिहूनच माग. मला वाचायचंय.” फोनवर त्यांना आता काही ऐकू येत नाही. तुझं उत्तर आलं की शाळेतल्या प्रिंटरवर छापून आणीन, ते भिंग लावून वाचतील. नीट लिही.

बाकी ठीक. आप्पांना खोकला आहे, वजन उतरलंय. सोलापूरला दाखवलंय. सगळी कागदपत्रं काढून एकेक लावत बसलेत सध्या. तुझ्या बाळाच्या वेळी हौसेनं काढलेला पासपोर्टसुद्धा बाहेर काढलाय.

तुझी,
अक्का



मेलबर्न,
१६ मार्च २०२५

प्रिय अक्का,

तुझं पत्र वाचून मजा वाटली. आप्पा अजून कंट्रोलरच आहेत तर! बसस्टँडची शिट्टीही जपून ठेवली असेल.

तर ऐका आप्पा, तुमच्यासाठी सविस्तर. मेलबर्न ते हैदराबाद हवाई अंतर साधारण नऊ हजार दोनशे किलोमीटर. पण हे झालं सरळ रेषेतलं. विमान काही सरळ येत नाही. आधी इथून सिडनीला जायचं. तिथून सिंगापूर. सिंगापूरला रात्रभर खुर्चीवर बसून काढायची. मग मुंबई. मुंबईला सामानाची वाट बघा, तपासणीच्या रांगेत उभे राहा, आणि पुढचं नळदुर्गपर्यंतचं तुम्हाला मी काय सांगणार? शिवाय विमानतळावर चार तास आधी जाऊन बसावं लागतं. एसटीसारखा हात दाखवून थांबवायचा कारभार नाही इथं. दारातून दारात धरलं तर अडीच दिवस. तरण्या माणसाचंही पार भुस्काट पडतं. पाय सुजतात, कान बसतात, पोट बिघडतं. वयस्कर माणसांनी तर या वाटेला जाऊच नये असं डॉक्टरच सांगतात.

तब्येत जपा. गार पाणी पिऊ नका.

अक्का, इथून खालचं फक्त तुला. आप्पांना देऊ नकोस.

पासपोर्टचं वाचलं तेव्हाच त्यांच्या मनात काय आहे ते माझ्या लक्षात आलं. तू त्यांना समजव. अर्पिताचे आईबाबा सप्टेंबरपर्यंत इथं आहेत, घर लहान आहे. आणि खरं सांगू का, नुसती जागेची अडचण नाही. इथं मराठी मंडळ आहे, दर शनिवारी कुणाकडं तरी जेवण असतं. आप्पा पहिल्याच भेटीत सगळ्यांना मोठ्यानं जय भीम घालणार, गाव, आडनाव, वस्ती सगळं सांगणार. मला लाज वाटते असं समजू नकोस. पण मी इथं ते कुणाला मुद्दाम सांगत बसलेलो नाही, आणि अर्पिताच्या आईला चार लोकांत अवघडल्यासारखं होतं. दोन-तीन वर्षांनी बघू. तू समजूतदार आहेस.

तुझा,
अमर



नळदुर्ग,
३० मार्च २०२५

अमर,

जय भीम. तू पत्रात हे लिहीत नाहीस हल्ली, मी लिहिणार.

वरचं छापून आप्पांना दिलं. खालचं कापलं. तू सांगितलंस म्हणून नाही, माझ्याच्यानं ते त्यांच्या हातात देववलं नसतं म्हणून.

आप्पांनी ते कागद दोनदा वाचले. मग घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवले. आता अंगात त्राण नाही तरी काठी टेकत स्टँडवर जातात आणि जुन्या ड्रायव्हर-कंडक्टर लोकांना सांगतात, “आमचं पोरगं अडीच दिवसाच्या वाटेवर ऱ्हातंय. उभ्या नोकरीत एवढ्या लांबचा पॅसिंजर म्या बघितला न्हाय.” कल्याणप्पा मास्तर म्हणाले, “नानासाहेब, पोरगं चंद्रावर गेलं का काय?” तर केवढे हसले. हसून खोकला उठला, मग मला जाऊन घेऊन यावं लागलं.

आम्ही कुणी येत नाही तुझ्याकडं. घाबरू नकोस. पासपोर्ट परत कपाटात गेलाय. अर्पिताच्या आईला म्हणावं, खुशाल राहा. पण तुला एक विचारते. ज्या दोन शब्दांवर या वस्तीनं तुला शिकवलं, वर्गणी काढून तुला हैदराबादच्या गाडीत बसवून दिलं, ते दोन शब्द कानावर पडले तर तुझ्या मंडळाचं जेवण आंबणार आहे का? उत्तर नको देऊस. असलं उत्तर वाचण्यापेक्षा न वाचलेलं बरं.

दुसरी गोष्ट, आणि ही मात्र नीट वाच. अडीच दिवस हे खरं आहे का? घाईत लिहिलं असशील, कुणाचं ऐकून लिहिलं असशील, तर आत्ता दुरुस्त कर. मी एका शब्दानं बोलणार नाही. आप्पांना सांगेन, अमरची चूक झाली होती, त्यानं परत विचारून कळवलं. पण खरं ते कळव.

आप्पांचा खोकला बसत नाही. मे महिन्यात चार दिवस येऊन जा. एकटाच ये.

अक्का



मेलबर्न,
६ एप्रिल २०२५

अक्का,

तुझ्या पत्रांना उत्तर द्यायचं म्हणजे हल्ली परीक्षेला बसल्यासारखं होतं. शाळेतल्या पोरांवर आवाज चढवून सवय झालीय तुला.

अडीच दिवस म्हणजे अडीच दिवस. कधी कधी तीनही लागतात. मी या वाटेनं ये-जा केलेली आहे, तू नाही. माझ्यावर विश्वास नसेल तर विचारतेस कशाला?

मेमध्ये जमणार नाही. नवीन प्रोजेक्ट सुरू होतंय आणि बाळाची शाळा आहे. डिसेंबरात बघतो. आप्पांचा खोकला हा बिडीचा आहे, मी लहान असल्यापासून ऐकतोय. सोलापूरच्या डॉक्टरांचं औषध वेळेवर देत जा. काही लागलं तर कळव, पाठवून देतो.

आणि कृपा करून ते वस्तीचं आणि वर्गणीचं पुन्हा पुन्हा काढू नकोस. कितीदा फेडायचं माणसानं?

अमर



मेलबर्न,
९ मे २०२५

अक्का,

नळदुर्गात बोललो नाही, ते इथं आल्यावर लिहितोय.

तू माझ्याशी जे केलंस ते वैऱ्यानंही केलं नसतं. दाजींचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. ‘आप्पा सकाळी गेले’ एवढंच बोलले आणि रडायला लागले. मी लॅपटॉप उघडा टाकून निघालो. संध्याकाळचं विमान मिळालं. सिंगापूरला धावत दुसरं पकडलं. सकाळी हैदराबादला उतरलो, टॅक्सी केली, ड्रायव्हरला जहिराबादला चहासुद्धा पिऊ दिला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी दारात होतो. आणि दारात काय होतं? धुतलेलं अंगण आणि पांढऱ्या साड्यांतल्या बायका. आप्पांना आदल्या संध्याकाळीच पोचवून आला होतात तुम्ही.

एक रात्र. एक रात्र थांबता आलं नाही तुला? सोलापुरात बर्फाची पेटी भाड्यानं मिळते हे मला मेलबर्नमध्ये बसून माहीत आहे, तुला माहीत नव्हतं? अख्ख्या नळदुर्गाच्या मातीच्या वेळा आप्पांनी धरल्या. भोसरीच्या पोरीसाठी थांबले, कुणाच्या कुणासाठी थांबले. आणि त्यांच्या स्वतःच्या पोरासाठी कुणी थांबलं नाही. अग्नीही तूच दिलास. मला राख दाखवलीत.

आणि वर ते लोक! रडायचं सोडून जो तो मला एकच विचारत होता, ‘अमर, एवढ्या लौकर कसा काय आलास?’ जसं काही मी यायलाच नको होतं. दाजी नजर चुकवत होते. तू तर सहा दिवस माझ्याशी चहा घे, जेव, यापलीकडं बोलली नाहीस. पुण्यानुमोदनाला सगळ्यांनी आप्पांवर भाषणं केली, मला उभंसुद्धा केलं नाही.

आप्पा इतके आजारी होते हे तुला माहीत होतं. डॉक्टरांची फाइल मी कपाटावर बघितली, फेब्रुवारीची आहे. मला का सांगितलं नाहीस? बापाचं शेवटचं तोंड बघायचा हक्क माझा नव्हता? एवढं कशाचं उट्टं काढलंस, तेवढं फक्त सांग.

अमर



नळदुर्ग,
१८ मे २०२५

अमर,

सांगते. मागितलंस म्हणून सांगते, आणि एकदाच.

फेब्रुवारीत सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही फुप्फुसं गेलीत, तीन-चार महिने. आप्पांनी रिक्षातच माझ्याकडून शब्द घेतला, अमरला कळवायचं नाही. म्हणाले, “तिथं एकलं पोरगं हाय, उगं जिवाला घोर लावून घेईल.” घोर! पण त्यांना एक गोष्ट मार्गी लावायची होती. स्वतःच्या मातीची वेळ. लांबचं कोण, तर तू. आणि तुझ्या वाटेचा हिशोब त्यांना येत नव्हता. उभा जन्म लोकांना गाड्यांच्या वेळा सांगितल्या, पण विमानात कधी पाय ठेवला नाही. म्हणून तुला विचारलं. एवढ्यासाठी विचारलं होतं, अमर. तुझ्या घरी येऊन बसायला नाही. मी सिताबाईंची सगळी हकीकत लिहिली होती, मातीची वेळ कशी धरतात तेही लिहिलं होतं, खोकला, उतरलेलं वजन, सगळं. तुला त्यातला फक्त पासपोर्ट दिसला.

तुझं पत्र वाचून झाल्यावर आप्पांनी भिंग बाजूला ठेवलं. मग म्हणाले, “येका दिवसाची वाट असती तर आत्ताच बोलावला असता त्येला. चार दिस जवळ बसला असता. पर अडीच दिवस लेकराला कशापायी पळवायचं? रडत रडत तीन-तीन इमानं बदलायची. नगं. आन मागं बी कुणाला ताटकळत ठिवू नका. उन्हाळा हाय. संध्याकाळची येळ धरा आन मोकळं व्हा.” आपली वेळ त्यांनी स्वतःच दिली. चार माणसांदेखत दिली. मी फक्त पाळली.

आता तू म्हणशील, अक्काला खरं माहीत नव्हतं, बिचारी फसली. फसले नाही. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मोबाईलवर दोन्ही शहरांची नावं टाकून बघितली. नऊ हजार दोनशे किलोमीटर, ते बरोबर होतं. अंतर खरं लिहिलंस. वेळ खोटी लिहिलीस. खाली स्पष्ट होतं, सिंगापुरात एकदा बदलायचं, की हैदराबाद. पुढं पाच तासांचा हायवे. निघाल्यापासून दुसऱ्या दिवशी घरात. त्या रात्री मी स्वैपाकघरात बसून एवढी रडले की दाजींना वाटलं आप्पा गेले.

म्हणून तुला परत विचारलं. आठवतंय? दुरुस्त कर म्हटलं, मी एका शब्दानं बोलणार नाही म्हटलं. एकच ओळ पाहिजे होती तुझी. ‘अक्का, चुकलं, एक दिवस लागतो.’ ती घेऊन मी आप्पांकडं धावत गेले असते. त्यांनी घेतलेला शब्द स्वतःच मोडून तुला बोलावलं असतं. तू लिहिलंस, कधी कधी तीनही लागतात.

मग मी आप्पांना काय सांगायचं होतं? ‘आप्पा, वाट एकाच दिवसाची आहे, पण तुम्ही त्याच्या दारात यायला नको होतात, तुमचा जय भीम त्याला चार लोकांत नको होता, म्हणून त्यानं ती लांबवून सांगितली’? असं सांगितलं असतं तर तू नक्की भेटला असतास त्यांना. तुला आणता आलं असतं, एका फोनवर आणता आलं असतं. पण मरणाऱ्या माणसाला असलं ऐकवून लेक भेटवायचा? मला नाही झालं. तू विचारतोस उट्टं कशाचं काढलंस. उट्टं काढायचं असतं तर तुझा तो खालचा मजकूर छापून त्यांच्या हातात दिला असता.

तू अडीच दिवसांच्या वाटेवर आहेस, म्हणून येत नाहीस, एवढं धरून आप्पा सुखानं गेले. शेवटच्या आठवड्यात बोलवत नव्हतं, तरी कुणी बघायला आलं की तुझ्या फोटोकडं बोट दाखवायचे आणि दोन बोटं वर करून तिसरं अर्धं मुडपायचे. अडीच. लोकांना सांगायला तेवढाच अभिमान उरला होता त्यांच्याकडं.

त्या सकाळीही मी विचार केला. दाजी म्हणाले, पेटी मागवू, थांबू उद्यापर्यंत. पण अडीच दिवसांच्या माणसासाठी एकच रात्र थांबलो असतो आणि तू दुसऱ्या दिवशी नेमका उगवला असतास, तर आप्पांच्या देहासमोर सगळ्या गल्लीला कळलं असतं की नानासाहेबांच्या पोरानं बापाला खोटं सांगितलं. ज्यानं उभ्या जन्मात कुणाला चुकीची वेळ सांगितली नाही, त्याला त्याच्याच पोरानं चुकीची वेळ दिली. ते मी होऊ दिलं नाही. आणि आता तुला फार वाईट वाटत असेल तर वाटू दे. मलाही झोप लागत नाही. माझ्यावर चिडायचं तर चीड, पण मला वैरीण म्हणायचा तुझा हक्क तू त्या पत्रातच घालवलास.

लोक विचारत होते ना, एवढ्या लौकर कसा आला? ते यायलाच नको होतं म्हणून विचारत नव्हते. आप्पांवर विश्वास होता म्हणून विचारत होते. मी सगळ्यांना सांगितलं, तो कंपनीच्या कामानं सिंगापूरला आलेला होता, तिथूनच तसा आला, म्हणून पोचला. चारचौघांत उभं केलं असतं तर तूच काहीतरी बोलून गेला असतास, म्हणून पुण्यानुमोदनाला तुला बसवून ठेवलं. सिंगापूरचं ऐकून कल्याणप्पांनी मान हलवली. म्हणाले, “म्हंजी अर्ध्या वाटेवर हुता म्हणा की.” मी म्हटलं, व्हय.

पुढच्या वर्षी आप्पांच्या स्मृतिदिनाला वस्तीतले लोक तुला बोलावणार आहेत. त्यांना मी अडवणार नाही. यायचं तर ये. पण घरून निघालास की हैदराबादला उतरून लगेच गाडी धरू नकोस. एक दिवस काढ तिथं कुठंतरी लॉजवर, दार लावून बस. आणि इथं आल्यावर कुणी विचारलं, अमर, किती वेळ लागला, तर तोंड वर करून सांग, अडीच दिवस. तेवढं तुला सांगता येतं.

श्रावस्ती